तुळशीची रात्र

या, अगदी पुढं सरकून बसा. पाठ दुखत असेल त्यांनी भिंतीला टेका, पण कान इकडे असू द्या. देवांच्या आणि राजांच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो. आज एका तुळशीची आणि तिच्यावर लावलेल्या दिव्याची गोष्ट सांगायची आहे. आपल्या झाशीतलीच आहे, आणि काल-परवाची म्हणावी इतकी ताजी. नारायणाचं नाव घेऊन ऐका.

दिवाकर पागे हे रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. खातं त्यांचं ट्रेन लायटिंग, म्हणजे डब्यांतले दिवे आणि पंखे चालू ठेवण्याचं. उभा जन्म झाशीच्या यार्डात गेला. डब्याखाली चाकाच्या आसाला पट्टा असे आणि त्या पट्ट्यावर डायनामो फिरे, त्या काळापासूनचे ते कारागीर. गाडी धावू लागली की दिवे फुलायचे, स्टेशनात उभी राहिली की बॅटरीवर येऊन मंदावायचे. पट्टा तुटला किंवा बॅटरी बसली तर अख्खा डबा अंधारात, आणि त्या अंधाराचा जाब दिवाकररावांना. त्यामुळे झालं असं, की कुठंही दिवा गेला म्हणजे आपल्याच हातून काही पाप घडलं असं त्यांना वाटायचं. घरात एखादी ट्यूब लुकलुकली तरी हातातला घास ताटात ठेवून उठायचे.

लग्न होऊन सावित्रीबाईंना वर्ध्याहून झाशीला आणलं ते अशाच एका डब्यातून. नव्या नवरीच्या मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि त्यात आईच्या वृंदावनातलं तुळशीचं रोप. एवढा लांबचा प्रवास, पण त्यांनी तो सीटखाली म्हणून ठेवला नाही. भोपाळ मागं पडलं, कुठल्याशा आडस्टेशनात गाडी थांबली आणि दिवे काजव्याएवढे झाले. सावित्रीबाई घाबरल्या. दिवाकररावांनी छाती फुगवून सांगितलं, की या डब्याचे दिवे माझ्या हातचे आहेत, ते जायचे नाहीत. खरं म्हणजे तो डबा मद्रासकडचा होता, त्याला त्यांचा हातसुद्धा लागला नव्हता. पुढं कधीतरी हे सावित्रीबाईंना कळलं आणि त्यांना चिडवायचं एक कायमचं साधन मिळालं. दिवाकररावांनी घरात कशाचीही फुशारकी मारली, की त्या शांतपणे विचारायच्या, "मद्रासच्या डब्यासारखं का?"

ते रोप पुलिया नंबर नऊ या वस्तीतल्या घरी, अंगणात लागलं. झाशीची थंडी तुळशीला सहसा सोडत नाही. पौषात धुकं उतरलं की पानं काळी पडतात, झडतात, आणि माघात नुसती काटकी उभी दिसते. पण सावित्रीबाई काहीतरी करून ती तगवायच्या, आणि एखादीनं मान टाकलीच, तर तिच्याच मंजिरीतून पुढची उगवून आणायच्या. अशी ती वर्ध्याची तुळस झाशीत पिढ्यान्‌पिढ्या नांदली.

सावित्रीबाईंना कीर्तनाचं विलक्षण वेड. गणपतीत ग्वाल्हेरहून बुवा येत तेव्हा त्या पहिल्या रांगेत. दिवाकरराव बहुधा ड्यूटीवर, म्हणून दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता त्या त्यांना अख्खं आख्यान ऐकवायच्या, चालीसकट, बुवांच्या खोकल्यासकट. दिवाकररावांनी आयुष्यात जेवढी कीर्तनं ऐकली, त्यातली बरीचशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, लाटण्याच्या ठेक्यावर.

गेल्या चैत्रात त्या गेल्या. दुखणं लहानसं वाटलं होतं, पण वाढत गेलं. इस्पितळातल्या खाटेवरून शेवटचं नीट बोलल्या ते एवढंच, "तुळशीकडे बघा हं. एवढी हिवाळ्यातून काढा."

मग आता त्या माणसाच्या डोक्यावर केवढी जोखीम आली ते तुम्हीच बघा. बायकोनं जन्मात कधी काही मागितलं नाही, आणि मागितलं ते हे.

दसरा झाला आणि अनुश्री, त्यांची एकुलती एक लेक, त्यांना सिविल लाइंसमधल्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. जावई सुजय फौजेत, सध्या सरहद्दीवर. अनुश्री इथल्या एका शाळेत शिकवते. थंडीत बापाला एकटं ठेवायला तिचं मन घेईना. दिवाकरराव तयार झाले, पण तुळस येणार असेल तरच. रिक्षात कुंडी मांडीवर धरून आले आणि खड्डा आला की आधी कुंडी सांभाळत होते, मग स्वतःला.

फ्लॅट नीटनेटका, पण सूर्याशी त्याची ओळख नव्हती. बाल्कनी उत्तरेला, आणि समोर दुसऱ्या इमारतीची उंच भिंत. गच्चीवर ऊन भरपूर, पण तिथं माकडांचं राज्य. अनुश्रीच्या गुलाबाच्या कुंड्या त्यांनी एका दुपारीच फोडून टाकल्या होत्या. बघता बघता तुळस लांबुडकी झाली, फांद्या खिडकीकडे झुकल्या, खालची पानं गळू लागली. दिवाकररावांनी ठरवलं, ऊन नाही तर दिवा. दिव्यातलं आपल्याला कळतं, असं ते लेकीला म्हणाले.

"मद्रासच्या डब्यासारखं?" अनुश्रीनं विचारलं. आईचं वाक्य तिच्या तोंडून आलं आणि दोघंही क्षणभर हसायचं विसरले.

पहिला दिवा जुन्या ट्रंकेतून निघाला. तारेचा, शंभर वॉटचा, पिवळा. तुळशीला प्रकाशाबरोबर ऊबही मिळेल म्हणून तो टेबललॅम्पात बसवला आणि अगदी शेंड्याशी वाकवला. त्या बल्बाचं असं, की वीज खातो खूप आणि परत देतो ती बहुतेक उष्णताच. एका दिवसात शेंड्याची पानं कुरकुरीत झाली. अनुश्री शाळेतून आली, दारातच थांबून वास घेतला आणि म्हणाली, "बाबा, तुळस वाढवताय की पापड भाजताय?"

दुसरा दिवा सिपरी बाजारातल्या मुकुलच्या दुकानातून आला. मुकुल बोलका माणूस, त्यात गिऱ्हाईक ओळखीचं. त्यानं लाल आणि निळ्या ठिपक्यांची एक लांबट पट्टी काढली आणि म्हणाला, "दद्दा, जा लाइट में तो सूखी लकड़ी पे पत्ते आ जैहैं." म्हणजे या उजेडात वाळक्या लाकडालाही पालवी फुटेल. दिवाकररावांनी ती विश्वासानं आणली आणि लावली. बैठकीची खोली जांभळी झाली. भिंती जांभळ्या, उशा जांभळ्या, चहा जांभळा. समोरच्या फ्लॅटमधल्या अरुंधतीवहिनी, साताऱ्याकडच्या, त्यांचे यजमानही फौजेतच, दारात येऊन चौकशी करून गेल्या, की काका, ब्यूटी पार्लर काढलंत का, मग आमच्यासाठी काही सवलत ठेवा.

झाडाला तो प्रकाश चालतो, यात खोटं काही नाही. पण दिवाकररावांना चालेना. त्या उजेडात हिरवं पान काळं दिसतं. पान पिवळं पडलंय की तरारलंय, कीड लागली की नाही, काही म्हणता काही कळत नव्हतं. सकाळी हात जोडून उभं राहिलं, तर कुणा परक्या बाईसमोर उभं असल्यासारखं वाटायचं. "सावित्रीनं ही ओळखलीच नसती," ते अनुश्रीला म्हणाले आणि पट्टी खोक्यात भरली.

तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी मुकुलला बोलू दिलं नाही. त्याला काउंटरवर एकेक दिवा लावायला सांगितला आणि प्रत्येकाखाली हात धरून पाहिला. एक पिवळसर पांढरा, बैठकीत बरा दिसणारा. तो बाजूला ठेवला. एक दुपारच्या उन्हासारखा लख्ख पांढरा, खोक्यावर डेलाइट लिहिलेला, तसे दोन घेतले. वॉट खोक्यावर मोठ्या अक्षरांत असतात आणि खरा उजेड किती ते बारीक अक्षरांत; त्यांनी चष्मा पुसून बारीक अक्षरं वाचली. मुकुल कंटाळून म्हणाला, की दद्दा, इतकं बघून तर लोक मुलगीसुद्धा पसंत करत नाहीत. दिवाकरराव म्हणाले, "मुलगी एकदाच पाहिली आणि पसंत पडली. दिव्याचं तसं नसतं."

आखूड ट्यूबसारखे दोन दिवे त्यांनी शेजारी शेजारी बसवले. वर पत्र्याची टोपी केली आणि तिला आतून पांढरा रंग दिला, कारण छताला गेलेला उजेड तुळशीच्या काय कामाचा. पडद्याच्या दांडीवरून दोऱ्या घेतल्या, म्हणजे रोप वाढेल तसा दिवा वर ओढता येईल. शेंड्यापासून वीतभर उंची ठेवली आणि तिथं तळहात धरून पाहिला; ऊब लागत नव्हती. मग कळ दाबली.

तुळस हिरवी दिसली. सावित्रीबाईंची तुळस.

दिवाळी उलटेपर्यंत तिला नवी पानं आली. फांद्या खिडकीचा नाद सोडून सरळ झाल्या. शाळेतून आल्यावर दार उघडलं की तुळशीचा वास यायचा आणि अनुश्रीला आईच्या पदराची आठवण व्हायची. आता खरं म्हणजे गोष्ट इथंच संपायची. पण भक्ती कधी कधी माणसाला पुढं ढकलते, आणि पुढं कुठं ते बघायचं राहून जातं.

पहिल्याच संध्याकाळी अनुश्री दिवा बंद करायला उठली, तेव्हा दिवाकररावांनी तिचा हात धरला होता. यंदा दुखवट्याचं वर्ष, घरात सण नाहीत. नवरात्रात घट बसला नाही. सावित्रीबाई नऊ दिवस नंदादीप तेवत ठेवायच्या, तेल संपतंय का म्हणून झोपेतून उठून बघायच्या. यंदा तोही नाही. म्हणून त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, की वर्ष सरेपर्यंत तुळशीवरचा हाच आपला नंदादीप. "नंदादीप मालवत नाहीत," एवढंच ते म्हणाले. वडिलांचा चेहरा बघून अनुश्रीनं कळीवरचा हात काढून घेतला. आणि दिवा दिवस-रात्र जळत राहिला. दिवाकररावांनाही त्याचा आधार झाला. रात्री कूस बदलली की दाराच्या फटीतून उजेड दिसायचा. म्हणजे सगळं ठीक आहे.

मार्गशीर्षात तुळस बिघडली. आधी पानांचा रंग उतरला, हिरव्याचा फिकट पोपटी झाला. मग पानं वर वळून द्रोणासारखी झाली, हाताला कडक लागू लागली. नवा शेंडा फुटे तो आखूड, चुरगळल्यासारखा. दिवाकररावांनी पाणी कमी करून पाहिलं, जास्त करून पाहिलं, माती उकरली, ताकाचं पाणी घातलं. शेवटी त्यांच्या धंद्यानं त्यांना शिकवलेलं एकच उत्तर त्यांना सुचलं: उजेड कमी पडतोय. त्यांनी दिवा खाली ओढला आणि मुकुलकडून तिसरी ट्यूब आणून जोडली. तुळस आणखी वाकडी झाली.

अनुश्रीनं फोनवर बरंच वाचलं होतं. एका संध्याकाळी चहा देताना तिनं विषय काढला. तिचं मराठी असंच, निम्मं घरचं आणि निम्मं गल्लीतलं. "बाबा, रात को बंद करूया ना. सगळीकडे लिहिलंय, झाडांना अंधार पण लागतो."

"लिहिणाऱ्यांच्या घरात सावित्री नव्हती."

"माझी पण आई होती ती."

दिवाकरराव तुळशीची माती चाचपू लागले. चहा निवला. दिवा चालूच राहिला, पण त्या दिवसापासून ते तुळशीसमोर बसले की लेकीकडे पाठ येणार नाही असे बसू लागले. मनात मात्र एकच घोकत होते: ही गेली, तर सावित्रीनं सोपवलेलं एकुलतं एक काम आपल्याकडून झालं नाही. मंजिरीसुद्धा यंदा धरली नव्हती. मागं काही उरणार नव्हतं.

पौष लागला. धुकं इतकं, की समोरची भिंतसुद्धा दिसेना. आणि अशाच एका दिवशी, दिवेलागणीच्या वेळेला, गल्लीच्या तोंडाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सगळा भाग काळोखात. वीजखात्याची माणसं आली, बघून गेली. नवीन येईल तेव्हा येईल, आज तरी नाही, असं सांगून गेली.

दिवाकररावांची अवस्था पाहवत नव्हती. कुणाकडे इन्व्हर्टर आहे का, छावणीत कुणाचा जनरेटर मिळेल का, जुन्या दोस्तांकडून एखादी बॅटरी आणता येईल का, असं एकामागून एक विचारत ते अंधारात येरझारा घालत होते. अनुश्रीनं देवासमोरची समई लावली, एका ताटलीत ठेवून बैठकीत आणली आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. खिडकीच्या फटीतून बोचरं वारं येत होतं. निदान ही गारठू तरी नये, म्हणून ते तुळशीवर घालायला काही मागू लागले. अनुश्री आत गेली आणि आईचं एक जुनं सुती पातळ घेऊन आली, धुऊन धुऊन मऊ झालेलं.

त्यांनी ते उलगडलं, दोन्ही हातांनी वर धरलं, आणि हात तसेच राहिले.

हे त्यांनी पाहिलेलं होतं. कितीतरी हिवाळे पाहिलेलं होतं. जेवणाचा डबा घेऊन ते संध्याकाळच्या पाळीला निघायचे, आणि अंगणात सावित्रीबाई अशाच हात वर करून तुळशीवर जुनं पातळ पसरायच्या. थंडीसाठी, एवढंच त्यांनी धरलं होतं. पण त्या वेळी त्या काहीतरी गुणगुणत असायच्या. सायकल काढायच्या घाईत ते कधी नीट ऐकलं नव्हतं.

"अनु, आई तुळशीवर पातळ घालताना काय म्हणायची गं?"

"शेजारती," अनुश्री म्हणाली. "मला पण म्हणायला लावायची. कहती थी, देवाला झोपवतात, तर ही काय रात्रभर जागणार?"

दिवाकरराव खाली बसले. लाटण्याच्या ठेक्यावर ऐकलेलं एक आख्यान त्यांना आठवू लागलं. बुवांनी देवाच्या शेजघराचं वर्णन केलं होतं. शेजारती होते, देवाची गादी घालतात, मोठे दिवे शांत करतात, पडदा ओढतात. त्या अंधाराला कुणी अशुभ म्हणत नाही. नंदादीप असतो, पण तो बारीक, बाजूला, कोपऱ्यात. देवाच्या डोळ्यांत कुणी लावत नाही. आणि पहाटे काकडा घेऊन उठवायला जातात, कारण देवसुद्धा झोपलेला असतो. हे सांगताना सावित्रीबाई लाटणं बाजूला ठेवून हात जोडायच्या.

आपण काय केलं मग? ज्या तुळशीला ती रोज निजवायची, तिच्या डोळ्यांवर आपण दोन-दोन महिने सूर्य धरून उभे राहिलो. आणि आपण कोण, तर डब्या-डब्यातून निळे दिवे बसवलेला माणूस. मोठे दिवे बंद करून माणसं झोपतात, त्यांना पायाखालचं दिसावं म्हणून तो इवलासा निळा दिवा. तो कशाकरता असतो हे सगळ्या जगाला सांगितलं, आणि नेमकं आपल्याच घरात कळू नये.

ते उठले. पातळ तुळशीवर हळूच सोडलं, टोकं कुंडीभोवती खोचली, आणि इन्व्हर्टरचं नाव काढायचं बंद केलं.

वीज लवकर आली नाही. दिवसा खिडकीतला जो फिका उजेड मिळे तेवढाच तुळशीला, आणि संध्याकाळ झाली की पातळ. दुसऱ्या सकाळी त्यांनी पातळ काढलं तेव्हा द्रोणासारखी वळलेली पानं थोडी सैलावलेली दिसली. आपल्याला तसं वाटतंय असं समजून त्यांनी अनुश्रीला बोलावलं. तिनं एक पान बोटांत धरलं. "मऊ आहे," ती म्हणाली.

वीज आली ती आणखी दोन दिवसांनी, सांज सरताना. मुकुलकडची तिन्ही पांढऱ्या ट्यूब आपोआप पेटल्या आणि खोली झळाळली. बाहेर गल्लीत पोरांनी आरडाओरडा केला. दिवाकरराव उठून कळीपाशी गेले. एवढी वर्षं ज्या हातांनी फक्त दिवे चालू केले, त्या हातांना ती कळ बंद करवेना. सावित्रीच्या नावाचा दिवा आपण आपल्या हातानं मालवायचा, हे मन काही केल्या घेईना.

अनुश्री शेजारी येऊन उभी राहिली. आईच्या चालीवर शेजारती सुरू केली. बोलताना जिचं मराठी दर वाक्याला हिंदीच्या हवाली व्हायचं, तिच्या तोंडून शेजारतीचा शब्दन्‌शब्द सावित्रीबाईंचा येत होता, श्वास घ्यायच्या जागासुद्धा त्यांच्याच. दिवाकररावांनी आपला फाटका आवाज तिच्यात मिसळला. शेवटचा चरण झाला, आणि त्यांनी कळ दाबली.

अंधार झाला, आणि काही वाईट घडलं नाही. देवघरात बारीक ज्योत होती. तुळशीचा वास होता.

दुसऱ्या दिवशी तिसरी ट्यूब मुकुलला परत गेली, दिवा पुन्हा वीतभर वर गेला. मुकुलनं आपोआप चालू-बंद करणारं यंत्र दाखवलं. शहाणपणाची वस्तू आहे, ज्यांना हवी त्यांनी जरूर घ्यावी. दिवाकररावांनी विचारलं, याला शेजारती येते का, आणि नको म्हणाले. पहाटे ते स्वतः दिवा लावतात, सांजेला लेक शाळेच्या वह्या बाजूला ठेवून येते आणि दोघं मिळून तुळशीला निजवतात. पिवळी पानं गळून गेली. माघात नव्या फांदीवर पहिली मंजिरी धरली, आणि हिवाळा मागं पडला. सोपवलेलं काम झालं.

एवढीच गोष्ट. आता बसलेली मंडळी घरी जाल, ज्याची त्याची तुळस असेल, नसेल. पण आज झोपण्यापूर्वी घरातला शेवटचा दिवा मालवाल, तेव्हा कळीवर हात जरा थांबवा, आणि ज्यांनी दर सांजेला एका झाडाला हळूच निजवलं, त्या सावित्रीबाईंची एकदा आठवण काढा.